मोजले, नोंदवले आणि गप्प बसले

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा देशभरातील पक्षीनिरीक्षकांच्या गटांत अभिमानाचे वातावरण होते. तो अभिमान अनाठायी नव्हता. सुमारे तीस हजार निरीक्षकांनी, बहुतेकांनी पदरमोड करून, तीन कोटींहून अधिक नोंदी केल्या होत्या. त्यांच्या आधारे ९४२ जातींच्या स्थितीचा विचार झाला. बँकेतले कारकून, शाळेतले शिक्षक, निवृत्त अभियंते आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी रविवारच्या पहाटे तळ्याकाठी उभे राहून जमवलेली ही सामग्री आहे. एवढ्या विस्तीर्ण देशाचे असे चित्र कोणत्याही सरकारी खात्याला एकट्याने उभे करता आले नसते.

परंतु त्या चित्रात काय दिसते? ज्या ३३८ जातींविषयी दीर्घकालीन कल सांगण्याइतकी सामग्री होती, त्यांपैकी २०४ जाती घटल्या, ९८ स्थिर राहिल्या आणि केवळ ३६ वाढल्या. वाढलेल्यांत मोर आणि कोकिळ आहेत, म्हणजे माणसाच्या सान्निध्यात निभावून नेणारे पक्षी. घटलेल्यांत गवताळ माळावर राहणारे, पाणथळीत उतरणारे आणि शिकारी पक्षी ठळकपणे दिसतात. केवळ गवताळ प्रदेशावर अवलंबून असलेल्या जाती निम्म्याहून अधिक घटल्या आहेत. उत्तरेत दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानतात, आणि त्यापायी ज्याला पकडून पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवतात, त्या नीलपंखाचाही या घटत्या पक्ष्यांत समावेश आहे. आंतरराष्ट्रीय यादीत ‘चिंता नाही’ या वर्गात ठेवलेल्या या पक्ष्याचा दर्जा पुन्हा तपासावा, अशी शिफारस अहवालाला करावी लागली. कर्नाटक, तेलंगणा आणि ओडिशा या तीन राज्यांचा हा राज्यपक्षी आहे.

अहवाल वाचला गेला, त्याची चित्रे सर्वदूर पाठवली गेली, पुढच्या रविवारी गट पुन्हा तळ्यावर गेले आणि त्यांनी पुन्हा मोजणी केली. आक्षेप आहे तो इथे. मोजणी म्हणजेच संवर्धन, असा एक सोयीचा समज भारतीय पक्षीनिरीक्षणात रुजला आहे. घटत्या पक्ष्यांची नोंद अधिकाधिक काटेकोर होत जाते आणि पक्षी घटतच राहतात. ज्यांच्या हाती पुरावा आहे, ते तो पुरावा जिथे निर्णय होतो तिथे नेत नाहीत. निर्णय घेणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडते.

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा निकाल लावणे आवश्यक आहे. हौशी लोकांच्या नोंदी म्हणजे विज्ञान नव्हे, असे अजूनही म्हटले जाते. या नोंदींत दोष आहेत, हे खरे. निरीक्षक शहरांजवळ, रस्त्यांच्या कडेला आणि सुटीच्या दिवशी अधिक फिरतात. दुर्मीळ पक्षी दिसला की गर्दी करतात आणि कावळ्याकडे दुर्लक्ष करतात. पण या दोषांवर पद्धतीनेच तोड काढलेली आहे. निरीक्षकाने दिसलेली प्रत्येक जात लिहिली असेल, अशी पूर्ण यादी विश्लेषणात महत्त्वाची ठरते, कारण जी जात यादीत नाही ती दिसली नाही, एवढे त्यातून कळते. मग शंभर याद्यांपैकी किती याद्यांत नीलपंख आला, हे प्रमाण वर्षागणिक ताडून पाहता येते. जिथे सामग्री पुरेशी नाही तिथे अहवाल गप्प राहतो. ९४२ पैकी ६०४ जातींविषयी त्याने दीर्घकालीन कल सांगितलेलाच नाही. आपल्या अज्ञानाची सीमा इतक्या स्पष्टपणे आखणाऱ्या सामग्रीला अशास्त्रीय म्हणणाऱ्यांनी सरकारी गणनांचे तक्तेही एकदा त्याच कसोटीला लावावेत.

केरळचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१५ ते २०२० या काळात हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी संपूर्ण राज्य एकसारख्या चौकटींत विभागून, पावसाळी आणि कोरड्या अशा दोन्ही हंगामांत पिंजून काढले. कोणी कुठे जायचे हे आवडीवर सोडलेले नव्हते. चौकट ठरलेली होती, मग ती रबराच्या मळ्यात पडो की बाजारपेठेत. सुमारे तीन लाख नोंदी झाल्या आणि ३६१ जातींचा नकाशा तयार झाला. काम प्रामुख्याने हौशी मंडळींचे असले, तरी पद्धत कोणत्याही विद्यापीठाला साजेशी होती.

शासनालाही या नोंदींची विश्वासार्हता मान्य आहे. २०२३ च्या अहवालामागे उभ्या असलेल्या तेरा संस्थांत भारतीय वन्यजीव संस्था, भारतीय प्राणिसर्वेक्षण आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण यांचा समावेश आहे. म्हणजे ही सामग्री राष्ट्रीय अहवालासाठी ग्राह्य आहे. मात्र एखाद्या तळ्याच्या काठी प्रकल्प येतो, तेव्हा विचारात घेतली जाते ती सल्लागार कंपनीची पाहणी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार चालणाऱ्या पद्धतीत अनेक प्रकारच्या प्रकल्पांना पावसाळा वगळून एकाच हंगामाची माहिती पुरते. ज्या पाणथळीवर हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी उतरतात, तिची पाहणी मार्च ते मे या महिन्यांत झाली, तर अहवालात बगळे, टिटवी आणि साळुंकी एवढेच येणार. त्यात एक अक्षरही खोटे नसते आणि तरीही संपूर्ण अहवाल दिशाभूल करणारा असतो. त्याच तळ्याच्या दहा हिवाळ्यांच्या याद्या त्याच शहरातील गटाकडे पडून असतात.

माळरानाची स्थिती आणखी वाईट आहे. तळे निदान तळे म्हणून ओळखले जाते. गवताळ माळ मात्र सरकारी दप्तरी बहुधा ‘पडीक जमीन’ असतो. पडीक म्हटले की तिचा काहीतरी उपयोग करणे हे पुण्यकर्म ठरते. सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्या मंजुरीबरोबर येणारी जनसुनावणीही नाही. राजस्थानच्या थर वाळवंटात माळढोक उरला आहे, तो अशाच जमिनीवर. वजनदार शरीर, समोरचे मर्यादित दिसणारे डोळे आणि ऐनवेळी दिशा बदलण्याची असमर्थता यांमुळे हा पक्षी विजेच्या तारांवर आदळतो. थरच्या परिसरात वर्षाला सुमारे १८ माळढोक असे मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. संपूर्ण देशात या जातीचे दीडशेच्या आसपासच पक्षी उरले असताना आणि मादी सामान्यतः वर्षाला एकच अंडे घालत असताना या आकड्याचा अर्थ समजायला फारसे गणित लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौरऊर्जा हवीच आहे. पण ती कोणत्या जमिनीवर, याचा निर्णय होताना त्या जमिनीवरील पक्ष्यांची नोंद टेबलावर असावी, ही मागणी विकासविरोधी कशी ठरते, हे कोणीतरी समजावून सांगावे.

इथवर दोष शासनाचा. आता गटांकडे वळावे लागेल, कारण त्यांच्याविषयी सहसा कोणी कठोर बोलत नाही.

मोठ्या शहरांतील अनेक गटांचा एक अलिखित नियम असतो: ‘इथे फक्त पक्ष्यांविषयी बोलावे.’ तळ्यात राडारोडा पडत असल्याचे छायाचित्र कोणी टाकले, तर व्यवस्थापक ते विनम्रपणे काढून टाकतो. गटाच्या शिस्तीत ते बसत नाही म्हणे. त्याच गटात एका दिवसात किती जाती पाहिल्या याची चढाओढ शिस्तीत बसते. आयुष्यात प्रथमच दिसलेल्या पक्ष्याला ‘लाइफर’ म्हणून शे-दीडशे अभिनंदने येतात. नोंदलेला आवाज वाजवून लाजऱ्या पक्ष्याला विणीच्या हंगामात झुडपाबाहेर खेचले जाते, घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागते, आणि या सर्वाला ‘जनजागृती’ असे नाव दिले जाते. असे वागणारे सर्वच नाहीत. या प्रकारांना आवर घालणारे गटही आहेत आणि त्यांनी घरट्यांची छायाचित्रे नाकारण्याचे नियम केले आहेत. पण यादी फुगवण्याच्या हौसेपुढे ते नियम दुबळे पडतात.

या मौनाचे समर्थन नेहमी एकाच वाक्यात केले जाते: ‘आम्ही विज्ञान करतो, चळवळ करत नाही.’ विज्ञानाचा हा अर्थ भारतीय पक्षिशास्त्राच्या इतिहासात कुठेही सापडत नाही. सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्प रद्द करावा, असे आवाहन सलीम अली यांनी उघडपणे केले होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने त्या प्रकल्पाचे तांत्रिक आणि आर्थिक परीक्षण करून ते लोकांपुढे ठेवले होते. १९८४ मध्ये त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सलीम अलींची पुस्तके जवळ बाळगणाऱ्या आणि त्यांच्या जन्मदिनी, १२ नोव्हेंबरला, पक्षीफेरी काढणाऱ्या गटांना त्यांच्या चरित्राचा हा भाग मात्र अवघड वाटतो.

मोजणीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी गिधाडांच्या कथेत जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या अन्यत्र दिसत नाहीत. १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड इतके सर्वत्र होते की ते मोजण्याचे कोणाला प्रयोजनच वाटत नसे. १९९० च्या दशकाच्या आरंभी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी रस्त्यांवरून फिरत शिकारी पक्ष्यांची पाहणी केली, तिच्यात गिधाडांचीही नोंद झाली. पुढे भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांना गिधाडांची घरटी झपाट्याने कमी झालेली दिसली. २००० मध्ये जुन्याच मार्गांवरून पुन्हा पाहणी झाली, तेव्हा घट नव्वद टक्क्यांच्या वर होती. जुनी पाहणी झाली नसती, तर ‘पूर्वी पुष्कळ होती’ या आठवणीपलीकडे काहीच हाती नसते. विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे यात काही असेल तर ते हेच: साधे, रोजचे, कंटाळवाणे पक्षी मोजणारी यादी दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी मोलाची असते.

परंतु आकडा हाती आला म्हणून गिधाड वाचले नाही. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडाच्या शरीरात जाते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या. त्या कुप्यांचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करायला २०१५ उजाडले. त्याविरुद्ध औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती मर्यादा कायम ठेवली. गिधाडांना तितकीच घातक ठरलेली ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधे गुरांसाठी बंद व्हायला २०२३ चा जुलै यावा लागला. कारण कळल्यापासून एकोणीस वर्षे! दरम्यान, २००७ पर्यंतच पांढऱ्या पाठीची हजारातली ९९९ गिधाडे नाहीशी झाली होती. या एकोणीस वर्षांत जे काही साधले, ते औषध नियंत्रकांची दारे पुन्हा पुन्हा ठोठावणाऱ्या, औषधांच्या दुकानांतून नमुने गोळा करणाऱ्या आणि न्यायालयात उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे. ती माणसेही मोजणी करतच होती, पण तेवढ्यावर थांबली नव्हती.

नागालँडमधील अमूर ससाण्याची कथा अधिक जलद घडली. ऑक्टोबर २०१२ मध्ये वोखा जिल्ह्यातील दोयांग जलाशयाच्या परिसरात काही निरीक्षक आणि पत्रकार बानो हरालू पोहोचले. सायबेरिया आणि उत्तर चीनकडून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे हे लहान ससाणे तिथे जाळ्यांत अडकवून मारले जात होते. त्या एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी मारले गेल्याचा त्यांचा अंदाज होता. त्यांनी तो प्रकार चित्रित करून जगापुढे आणला. इतके करून ते परतले असते, तर नागा गावांना दूषणे देणारा आणखी एक आठवडा समाजमाध्यमांवर पार पडला असता. ते तिथे थांबले नाहीत. गावकऱ्यांशी बोलणे झाले. धरणाने शेती बुडवली, म्हणून लोक मासेमारीकडे वळले आणि मासेमारीचीच जाळी आकाशाकडे टांगली गेली, हे समोर आले. चर्च, ग्रामपरिषदा, वनखाते आणि शाळा या सर्वांना सोबत घेतले गेले. पांगती आणि शेजारच्या गावांनी दंडासह बंदीचे ठराव केले. २०१३ च्या हंगामात तिथे हत्या थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये उपग्रह-पट्टी लावलेल्या तीन ससाण्यांची नावे ठेवली गेली: नागा, वोखा आणि पांगती. उत्पन्न गमावलेल्या कुटुंबांना पर्यायी साधन पुरेसे मिळाले का, हा प्रश्न मात्र उत्सवाच्या कोलाहलात मागे पडला. पक्षीप्रेमींनी तोही विचारायला हवा.

अरुणाचलमधील ‘बुगुन लिओसिचला’ हेही याच वाटेवरचे उदाहरण. पुण्याच्या आयसरमध्ये खगोलशास्त्र शिकवणारे रमणा आत्रेय यांना हा पक्षी प्रथम १९९५ मध्ये ईगलनेस्टच्या परिसरात दिसला. २००६ मध्ये त्यांनी एकही पक्षी न मारता, केवळ पिसे, छायाचित्रे आणि आवाज यांच्या आधारे नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. जातीला नाव दिले ते तिथल्या बुगुन समाजाचे. २०१७ मध्ये बुगुनांनी आपल्या सामूहिक जंगलातील सुमारे सतरा चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव केले. व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नसलेला एक निरीक्षक आणि जंगलाची मालकी असलेला एक लहान समाज यांच्यातील विश्वासातून हे घडले. शहरी गटांच्या सहलींत स्थानिक माणूस बहुधा वाहनचालक असतो किंवा वाटाड्या.

पाणथळींच्या बाबतीत कायद्याचा गुंता समजून घेतल्याशिवाय गणनेला अर्थ राहत नाही. इस्रोच्या नकाशावर सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी आहेत आणि त्यांचे संरक्षण करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिले. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी आणि मिठासाठी माणसाने तयार केलेली जलस्थाने व्याख्येतून वगळली, भातखाचरेही वगळली. दक्षिणेतील शतकांपूर्वीचे तलाव, गुजरातची मिठागरे, मध्य भारतातील जलाशय अशा जागा म्हणजे नेमकी तीच ठिकाणे, जिथे जानेवारीत सर्वाधिक पक्षी मोजले जातात. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर हेदेखील गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच निर्माण झाले आहे, ही या व्याख्येवरील पुरेशी टीका होय.

रामसर दर्जाच्या निकषांत तर पक्ष्यांच्या संख्येलाच स्थान आहे. एखाद्या ठिकाणी नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या एक टक्का पक्षी तिथे आधार घेत असतील, तर ते स्थळ पात्र ठरू शकते. २०१४ च्या आरंभी २६ असलेली भारतातील रामसर स्थळे ऑगस्ट २०२४ मध्ये ८५ झाली. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे. ज्या गटाकडे पंधरा-वीस वर्षांचे जानेवारी आहेत, त्याच्या वहीत कदाचित एखाद्या तळ्याचे संरक्षणपत्रच लिहिलेले असेल. तो आकडा संबंधित राज्याच्या पाणथळ प्राधिकरणापुढे प्रस्ताव म्हणून ठेवण्याचे काम कोणी करायचे? ज्यांनी मोजले त्यांनीच; दुसऱ्या कोणाकडे तो आकडा नाही.

भीती खरी आहे, हे मान्य करायला हवे. अभयारण्यात प्रवेश वनखात्याच्या मर्जीवर असतो, संशोधनाचे परवाने त्याच खात्याकडून येतात, विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीची आणि मार्गदर्शकाच्या नाराजीची चिंता असते. सरकारी नोकरीतील निरीक्षकाला तर तोंड उघडणे कठीणच. परंतु या भीतीवर उपाय आहे, आणि तो धाडसाचा नव्हे, पद्धतीचा आहे. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी निघते. त्या मुदतीत प्रकल्पाशी संबंध दाखवू शकणाऱ्या कोणालाही लेखी निवेदन देता येते. घोषणा नकोत, मोर्चा नको; तारीखवार याद्या, हंगामवार तक्ता आणि सल्लागाराच्या अहवालात न आलेल्या जातींची नावे एवढे पुरे. निवेदन गटाच्या नावाने गेले, तर एकट्या विद्यार्थ्यावर रोख राहत नाही. घरट्यांचे आणि संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण उघड होऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी जागा ढोबळ दाखवून संख्या अचूक देता येते.

आणखी एक दार उघडे असून ओस पडले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. वर्षानुवर्षे राज्यांनी टाळाटाळ केली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दरमहा दहा लाख रुपयांच्या भरपाईचा बडगा उगारताच देशभर नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. त्या घाईत अनेक ठिकाणी काय लिहिले गेले असेल, हे सांगण्यासाठी पक्षिशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. ज्या गावाच्या तळ्यावर शहरातील गट वर्षातून दहा वेळा जातो, त्या गावाच्या नोंदवहीत त्या तळ्यावरील पक्ष्यांची यादी आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन पाहण्यास एक सकाळ लागते. नसेल तर समितीच्या सदस्यांसमवेत बसून, गावातील नावांसह, ती लिहिण्यास आणखी दोन. येत्या जानेवारीची गणना झाली की आकडे ॲपवर चढतीलच. त्यांची एक छापील प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या टपालात पोच घेऊन जावी, आणि ती पोच गटाने जपून ठेवावी.